कराची ते जुहू : आठशे सत्तर किलोमीटरांचा इतिहास

दोन गावांमधले अंतर ही कधी न बदलणारी गोष्ट आहे, असे आपण शाळेत भूगोलाच्या तासाला शिकलो. नद्या पात्र बदलतील, राज्ये येतील आणि जातील, पण अंतर तेवढेच राहील. पुढे व्यवसायानिमित्त या विषयाशी रोजचाच संबंध आला, तेव्हा लक्षात आले की हे तितकेसे खरे नाही. मुंबई-पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर आहे आणि आकाशातून सरळ रेषेत मोजले तर जेमतेम १२० च्या आसपास. मग खरे अंतर कोणते? रेल्वेच्या तिकिटावरचे, की नकाशावरचे? 

वाचकहो, गेली अनेक वर्षे मी विमानांची वेळापत्रके तयार करणाऱ्या संगणक-प्रणालींवर काम करतो. आमच्याकडे कोणत्याही दोन विमानतळांच्या जोडीसाठी निदान चार आकडे साठवलेले असतात. पहिला, पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेले कमीत कमी अंतर. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश दिले की त्रिकोणमितीच्या एका सूत्राने ते निघते, आणि ते मात्र खरोखरच बदलत नाही. दुसरा, विमान प्रत्यक्षात ज्या वाटेने जाते तिची लांबी. ही वाट ठरवताना डोंगर, हवामान, लष्करी क्षेत्रे आणि मधल्या देशांची परवानगी असे सगळे बघावे लागते. तिसरा, चाके जमीन सोडल्यापासून पुन्हा जमिनीला टेकेपर्यंतचा वेळ. आणि चौथा, विमान दारापासून ढकलले गेल्यापासून दुसऱ्या गावच्या दाराशी उभे राहीपर्यंतचा वेळ. तुमच्या-आमच्या तिकिटावर छापलेला असतो तो हा चौथा.

यातला पहिला आकडा सोडला तर बाकी तिन्ही हलते असतात. आपल्यापैकी ज्यांची दुबई-मुंबई ये-जा असते त्यांना हे अनुभवाने ठाऊक आहे. घरी जाताना विमान लवकर पोहोचते आणि परतताना वीस-तीस मिनिटे जास्त लागतात. सुट्टी संपल्यामुळे परतीचा प्रवास लांब वाटतो हे खरेच, पण त्यात पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांचाही हात असतो. म्हणून एकाच जोडीसाठी जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा, उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला वेगळा, असा सगळा मामला असतो.

पण वाऱ्यापेक्षाही मोठा फरक करणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे इतिहास. तो कसा, हे एकाच जोडीच्या आधाराने सांगण्याचा हा प्रयत्न. ही जोडी म्हणजे कराची आणि मुंबईतले जुहू. आणि ती निवडण्याचे कारण असे की या गोष्टीची सुरुवात आपण राहतो तिथून, म्हणजे शारजापासून होते.

एकाच इलाख्यातली दोन गावे

आधी हिशेब मांडू. कराचीचा विमानतळ आणि जुहूची धावपट्टी यांमधले सरळ अंतर सुमारे ८७० किलोमीटर भरते. आजच्या जेट विमानाला ही मजल म्हणजे दीड-पावणेदोन तासांचे काम. मुंबईहून दिल्ली याहून बरीच लांब आहे.

अंतर एवढेच असले तरी आज कराची म्हटले की आपल्या मनात परदेश उभा राहतो, आणि तोही साधासुधा नव्हे. १९३२ साली तसे नव्हते. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध वेगळा प्रांत झाला, तोपर्यंत जवळजवळ नव्वद वर्षे कराची, पुणे, धारवाड आणि अहमदाबाद ही सारी एकाच इलाख्यातली गावे होती. सरकारी नोकर इकडून तिकडे बदलून जात. कराचीतल्या सर्वांत जुन्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांचे नाव आहे. हे वैद्य शिक्षणखात्यातले मराठी अधिकारी. सिंधमध्ये सिंधी भाषेतून शिक्षण रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तिथली जुनी माणसे या शाळेला 'एन.जे.व्ही.' म्हणतात, आणि त्यातला 'व्ही' म्हणजे आपले वैद्य हे किती मराठी माणसांना ठाऊक असेल कोण जाणे.

म्हणजे १९३२ साली कराचीहून मुंबईला पत्र पाठवणे हे तत्त्वतः रत्नागिरीहून मुंबईला पत्र पाठवण्यासारखेच होते. इलाखा एक, टपालखाते एक, नाणे एक. अडचण होती ती मधल्या रणाची, खाड्यांची आणि वाळवंटाची. रेल्वेला मोठा वळसा घ्यावा लागे.

लंडनची टपाल आणि शारजाचा किल्ला

त्या काळी विलायतेची टपाल बोटीने मुंबईला यायला पंधरवडा लागे. हा वेळ वाचवण्यासाठी इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने ३० मार्च १९२९ रोजी लंडन ते कराची अशी साप्ताहिक सेवा सुरू केली. तिला 'विमानसेवा' म्हणायचे ते थोड्या उदार मनाने. लंडनजवळच्या क्रॉयडनहून विमानाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपर्यंत, तिथून आगगाडीने जिनोआ, मग पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्र ओलांडून अलेक्झांड्रिया, पुन्हा आगगाडीने कैरो, आणि तिथून पुढे दुसऱ्या विमानाने बगदाद, बसरा करत इराणच्या किनाऱ्याने कराची. सारा प्रवास सात दिवसांचा. भाडे १३० पौंड. तरीही बोटीच्या निम्म्या वेळात पत्र हिंदुस्थानच्या भूमीवर येऊ लागले.

पुढे इराणने आपल्या किनाऱ्यावरून जाण्याची परवानगी चालू ठेवली नाही. पृथ्वीवरचे अंतर तेच, विमाने तीच, पण एका सरकारने नाही म्हटले आणि वाट बदलावी लागली. माझ्या चार आकड्यांपैकी दुसरा आकडा कसा बदलतो त्याचे हे पहिले उदाहरण. ब्रिटिशांनी आखाताची दक्षिण बाजू, म्हणजे आपली बाजू धरली. जुलै १९३२ मध्ये शारजाचे शेख सुलतान बिन सक्र अल कासिमी यांच्याशी करार झाला. धावपट्टीसाठी वाळूतली टणक जमीन मिळाली आणि उतारूंना रात्री मुक्काम करता यावा म्हणून किल्ल्यासारखी भक्कम विश्रामगृहाची इमारत उभी राहिली. जागेचे भाडे ठरले ते रुपयांत, कारण तेव्हा या साऱ्या किनाऱ्यावर चलन आपल्या रुपयाचेच होते आणि १९६६ पर्यंत ते राहिले.

५ ऑक्टोबर १९३२ रोजी 'हॅनो' नावाचे विमान शारजाला उतरले. हँडली पेज कंपनीचे हे चार इंजिनांचे, एकावर एक अशा दोन पंखांचे धूड होते. ताशी वेग शंभर मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर. शारजा ते कराची हे अंतर ११८५ किलोमीटरांच्या आसपास आहे. वाटेत ग्वादरला तेल घ्यायचे. ग्वादर त्या वेळी ओमानच्या सुलतानाकडे होते, पाकिस्तानकडे ते १९५८ मध्ये गेले. नकाशा उघडून पाहिलेत तर ग्वादर हे शारजा-कराची या रेषेवर जवळजवळ अचूक बसलेले दिसेल. वळसा शून्यच म्हणा ना. हवेतला वेळ साडेसात तास. आज आपण हीच मजल दोन तासांत मारतो.

तीन पायऱ्यांचे गणित

शारजाला 'हॅनो' उतरले त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी, शनिवार १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, या वाटेला पुढची कडी जोडली गेली. लंडनची टपाल कराचीला सात दिवसांत येत होती खरी, पण तिथून मुंबई-मद्रासकडे जाताना पुन्हा आगगाडीच्या वेगावर यायची. विमानाने कमावलेले दिवस रेल्वेत गमवायचे हा प्रकार नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या एका माजी ब्रिटिश वैमानिकाला खटकला. हिंदुस्थानात विमानाच्या फेऱ्या मारून त्याने देश पाहिला होता. त्याने कराची-मुंबई-मद्रास अशा हवाई टपालाची योजना आखली आणि ती टाटांकडे आणली. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी हिंदुस्थानात दिलेला वैमानिकाचा पहिला परवाना मिळाला होता, त्यामुळे ऐकणारा योग्य मिळाला. भांडवल दोन लाख रुपये, विमाने दोन, वैमानिक तीन. अनुदान द्यायला सरकार तयार नव्हते. शेवटी अनुदानाशिवाय, वाहून नेलेल्या टपालापुरता मोबदला या अटीवर एप्रिल १९३२ मध्ये करार झाला. सेवा सप्टेंबरमध्येच सुरू व्हायची, पण त्या वर्षीच्या पावसाने जुहूचे मैदान ओले राहिले आणि मुहूर्त महिनाभर पुढे गेला.

विमान होते डी हॅव्हिलंड कंपनीचे 'पुस मॉथ'. एक इंजिन, एक पंख, कापडाने मढवलेला सांगाडा. सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून निघाले. बरोबर ५५ पौंड, म्हणजे २५ किलो टपाल. आज आपण मुंबईला जाताना एका माणशी जेवढे सामान नेतो तेवढेच. वाटेत अहमदाबादला तेल घ्यायचे होते. बर्मा शेल कंपनीने ते चार-चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीवर आणून ठेवले होते. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूला उतरले. मुंबईची टपाल उतरवून उरलेली दुसऱ्या पुस मॉथमध्ये चढवली गेली, आणि ती घेऊन व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासकडे निघाला.

या प्रवासाचे गणित मांडून पाहण्याचा मोह मला आवरत नाही. कराची-अहमदाबाद सुमारे ५९० किलोमीटर, अहमदाबाद-जुहू सुमारे ४४५. एकूण १०३५. सरळ रेषेपेक्षा १६५ किलोमीटर जास्त, म्हणजे त्या वेगाने तासाभराचा वळसा. हा वळसा कशासाठी? एक तर तेलासाठी. दुसरे असे की सरळ रेषा कच्छचे आखात ओलांडून काठेवाडवरून जाते आणि दीवच्या आसपास जमीन सोडते. तिथून जुहूपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर नुसता समुद्र. एकच इंजिन, बिनतारी यंत्र नाही, वाट दाखवायला होकायंत्र, नकाशा आणि वैमानिकाचे डोळे. अशा स्थितीत शहाण्या माणसाने किनारा आणि रेल्वेचे रूळ नजरेआड होऊ देऊ नयेत. म्हणून अहमदाबाद.

आता वेळ. साडेसहा ते एक पन्नास म्हणजे सात तास वीस मिनिटे. १०३५ किलोमीटरांना १६० ने भागले तर जवळपास साडेसहा तास येतात. उरलेली पन्नास मिनिटे अहमदाबादचा मुक्काम आणि बैलगाडीवरचे डबे रिकामे करण्यात गेली असे धरले तर हिशेब चोख जमतो. आज एखादे विमान दाराशी येऊन, उतारू उतरवून, तेल भरून पुन्हा निघायला साधारण तेवढाच वेळ घेते. नव्वद वर्षांत विमानाचा वेग पाचपट झाला, जमिनीवरची लगबग मात्र होती तेवढीच राहिली!

सात तास वीस मिनिटे हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

पावसाळ्यात पुणे

जुहूचे मैदान म्हणजे समुद्राच्या काठची चिखलवट. उन्हाळ्यात टणक, पावसाळ्यात तळे. तेव्हा दरवर्षी मृग लागला की ही सगळी विमानकंपनी, म्हणजे दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मिस्त्री, बाडबिस्तरा घेऊन पुण्याला जाई. तिथे विमाने उतरायला जागा मिळाली ती येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलीतल्या मैदानाची. पुणेकर वाचकांना सांगायला नको की हा तुरुंग त्या काळी देशाच्या राजकारणाचे एक केंद्रच होता. कराचीहून पहिली टपाल निघाली त्याच्या तीनच आठवडे आधी, २४ सप्टेंबर १९३२ रोजी, गांधीजींच्या उपोषणाच्या पार्श्वभूमीवर तिथे पुणे करार झाला होता.

अहमदाबादहून पुणे सुमारे ५२० किलोमीटर. म्हणजे जुहूपेक्षा पाऊणशे किलोमीटर जास्त, आणि मध्ये सह्याद्री. ऐन आषाढात, ढग कड्यांना टेकलेले असताना, काहीही यंत्रसाहाय्य नसलेले एक इंजिनी विमान घाटावर चढवणे म्हणजे काय, हे घाटात धुके पाहिलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तरीही टपाल चुकली नाही. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात टाटांच्या विमानांनी १ लाख ६० हजार मैल उड्डाण केले, जवळपास पावणेदहा टन टपाल आणि १५५ उतारू नेले. सरकारी नागरी विमानखात्याने त्यांच्या वक्तशीरपणाची आपल्या अहवालात खास दखल घेतली. मला व्यवसायामुळे यातले मर्म विशेष वाटते. वेग ही इंजिनाची करामत असते, वक्तशीरपणा मात्र माणसांचा. गाठता येईल तेवढाच वेळ छापायचा आणि छापला तो पाळायचा, ही शिस्त त्या तीन वैमानिकांनी आणि तीन मिस्त्र्यांनी घालून दिली.

पुढची हकिकत बहुतेकांना ठाऊक आहे. १९४६ मध्ये याच कंपनीची 'एअर इंडिया' झाली, ८ जून १९४८ रोजी तिचे विमान मुंबईहून कैरो-जिनीव्हामार्गे लंडनला निघाले, १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि २७ जानेवारी २०२२ रोजी ती पुन्हा टाटांकडे आली. व्हिन्सेंटला यातले काही पाहायला मिळाले नाही. महायुद्धात, १९४२ मध्ये, विमानप्रवासातच तो गेला. 'हॅनो'च्या जातीचे 'हॅनिबल' हे विमानही १ मार्च १९४० रोजी शारजाकडे येताना ओमानच्या आखातावर नाहीसे झाले. आज आपण ज्या पाण्यावरून चहा घेत, सिनेमा पाहत जातो त्याच पाण्यावर.

वाट बंद होते

ऑगस्ट १९४७ मध्ये कराची आणि मुंबई यांच्यामध्ये सरहद्द आली. त्यानंतरच्या महिन्यांत कराचीहून मुंबईकडे बोटी भरभरून माणसे आली. उल्हासनगर हे शहर त्यातून उभे राहिले. हवाई वाट मात्र लगेच बंद झाली नाही. उलट कित्येक वर्षे दोन्ही शहरांमध्ये विमाने येत-जात राहिली.

१५ ऑक्टोबर १९६२ रोजी, तीस वर्षे पूर्ण झाली म्हणून, जे. आर. डी. टाटांनी कराची-अहमदाबाद-मुंबई हा प्रवास 'लेपर्ड मॉथ' या तशाच जुन्या विमानातून पुन्हा केला. त्यानंतर पाचच दिवसांनी चीनचे आक्रमण झाले. १९६५ च्या युद्धात भारत-पाकिस्तान हवाई वाहतूक बंद पडली. १९७१ च्या आरंभी 'गंगा' नावाचे भारतीय विमान पळवून लाहोरला नेऊन जाळण्यात आले आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. ते १९७६ पर्यंत बंद राहिले. मग १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पन्नासाव्या वर्षी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जे. आर. डी. पुन्हा एकदा एकटे कराचीहून निघाले आणि जुहूला उतरले. 

या दोन तारखांकडे मी वेळापत्रकवाल्याच्या नजरेने पाहतो तेव्हा जाणवते ते असे, की त्या दोन्ही वेळा दार उघडे होते. १९६७ किंवा १९७२ मध्ये त्यांनी हाच बेत केला असता तर विमान होते, वैमानिक होता, तेल होते, पण वाट नव्हती.

पुढचा तपशील थोडक्यात. संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००२ च्या आरंभापासून दोन वर्षे विमाने बंद, १ जानेवारी २००४ पासून पुन्हा सुरू. मे २०१७ मध्ये कराची-मुंबई ही पाकिस्तानी विमानकंपनीची सेवा थांबली. २०१९ मध्ये आधी काही महिने आकाश बंद झाले आणि त्या वर्षानंतर दोन देशांत थेट नियमित विमानसेवाच राहिली नाही. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाश पुन्हा बंद केले आणि ती मुदत वारंवार वाढवली गेली. दिल्लीहून दुबईला येणारी भारतीय विमाने तेव्हापासून गुजरातवरून समुद्राकडे वळसा घेऊ लागली. मुंबईच्या विमानांची वाट मुळात समुद्रावरूनच असल्याने आपल्याला त्याची झळ फारशी कळली नाही, एवढेच.

आणि २०२१ चा एक प्रसंग. त्या पहिल्या उड्डाणाच्या स्मरणार्थ १५ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईची तरुण वैमानिक आरोही पंडित एका लहानशा विमानातून जुहूला आली. छोट्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणारी ही मुलगी. आधुनिक साधने बाजूला ठेवून तिने नकाशा आणि होकायंत्रावर वाट काढली, अहमदाबादला थांबली, सारे काही १९३२ प्रमाणे. फक्त सुरुवात कराचीहून झाली नाही. ती भुजहून निघाली. भुजची ही तीच धावपट्टी, जी डिसेंबर १९७१ मध्ये बाँबफेकीने उखडली गेल्यावर जवळच्या माधापर गावच्या सुमारे तीनशे बायकांनी बहात्तर तासांत दुरुस्त करून दिली होती. अहमदाबादपर्यंतचे अंतर त्यामुळे ५९० वरून ३०० किलोमीटरांवर आले. अटलांटिक ओलांडता येतो, कच्छच्या रणापलीकडे जाता येत नाही, हे त्या दिवशी नकाशावर स्पष्ट दिसत होते.

आज किती वेळ लागतो?

आमच्या कचेरीत कराचीचे एक सहकारी आहेत. त्यांची आई कराचीत आणि आईची सख्खी बहीण मुंबईत, फाळणीपूर्वीपासूनच्या घरात. दोन वर्षांपूर्वी ती मावशी गेली. एकेकाळी सकाळी निघून दुपारी माती द्यायला पोहोचता आले असते. प्रत्यक्षात व्हिसा मिळून आई निघाल्या त्या चाळिसाव्याला. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे दुखणारे. दोन विमाने लागोपाठ झेपणार नाहीत म्हणून वाटेत मुलाकडे शारजाला दोन दिवस विसावल्या. मी भेटायला गेलो होतो. मी विमानांच्या वेळापत्रकाचे काम करतो हे कळल्यावर त्यांनी एकच साधा प्रश्न विचारला : माझ्या घरापासून बहिणीचे घर खरोखर किती लांब आहे?

मी आकडे सांगितले. सरळ ८७० किलोमीटर. तुम्ही जात आहात तो मार्ग असा : कराची-दुबई सुमारे ११९० आणि दुबई-मुंबई सुमारे १९३०, मिळून ३१२०. म्हणजे साडेतीन पट. आधी पश्चिमेला एवढे लांब जायचे आणि मग तेवढेच आणि शिवाय बरेच पूर्वेला परत यायचे. हवेतले आणि धावपट्टीवरचे मिळून पाच तास. मधल्या विमानतळावर थांबण्याचे कमीत कमी अडीच धरले तर साडेसात. 

सात तास वीस मिनिटे आठवतात ना? १९३२ साली कापडाच्या विमानाने, बैलगाडीवरचे तेल भरून, टपालाची पिशवी कराचीहून जुहूला तेवढ्या वेळात पोहोचली होती. आज ताशी साडेआठशे किलोमीटर वेगाच्या जेट विमानाने माणूस त्याहून लवकर पोहोचेलच असे नाही. मधल्या नव्वद वर्षांतले इंजिन, रडार, उपग्रह आणि आमच्या संगणकांची सगळी कमाई एका वळशाने खाऊन टाकली.

कोणाचे चुकले आणि किती, याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे आणि तो माझा अधिकारही नव्हे. सरहद्दीवर माणसे मेली आहेत, विमाने पळवली गेली आहेत, मुंबईने स्वतः फार सोसले आहे. आकाश बंद करणाऱ्यांकडे कारणे असतात. पण दर वेळी बंद होणारे दार नेमके कोणाच्या घरावर लागते तेही पाहावे, एवढेच म्हणणे. टपाल आज विजेच्या वेगाने जाते, तिला आकाशाची परवानगी लागत नाही. अडते ते बहिणीला भेटायला निघालेले माणूस.

आमच्या प्रणालीत कराची-मुंबई ही जोडी अजूनही आहे. पहिल्या रकान्यात अंतर लिहिलेले आहे, ते कोणालाच बदलता येत नाही. पुढचे रकाने रिकामे आहेत. नोंद मात्र आम्ही पुसत नाही. या धंद्यातला रिवाजच असा आहे की सेवा बंद झाली तरी जोडी ठेवायची, कारण ती पुन्हा सुरू झाली तर आकडे शोधत बसावे लागू नयेत. १९७६ मध्ये आणि २००४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली होतीच.

जाता जाता मंडळाच्या सभासदांना एक सूचना. शारजात राजा अब्दुल अझीझ रस्त्यावरून आपण रोज गाड्या नेतो. तो रस्ता म्हणजे जुन्या विमानतळाची धावपट्टीच आहे. १९७७ पर्यंत तिथे विमाने उतरत होती. शेजारी तो १९३२ चा किल्ला 'अल महट्टा' या नावाने संग्रहालय म्हणून जपलेला आहे. पोरांना एखाद्या शुक्रवारी मॉलऐवजी तिथे न्यावे. अंगणात उभे राहून पूर्वेकडे बोट दाखवावे आणि सांगावे की आजोबांच्या वेळी विलायतेची पत्रे इथे रात्री मुक्काम करून, सकाळी कराचीला आणि तिथून आपल्या जुहूला जात. मग पोरे विचारतीलच, की आता का जात नाहीत. त्या प्रश्नाचे उत्तर देता यावे म्हणून हा लेख.